क्वार्टरपासून समुद्र १२० पावलांवर : कार निकोबारला कोणी राहिलं आहे का?

काळी_ट्रंक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझे बाबा हवाई दलात होते, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. १९९२ ते ९४ आम्ही अंदमान-निकोबारमधल्या कार निकोबार बेटावर होतो. हवाई दलातली मंडळी त्याला 'कारनिक' म्हणतात. मी तेव्हा दुसरी-तिसरीत. आता आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, बाबा ७९ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा त्रास आहे. सकाळी नाश्त्याला काय होतं ते दुपारी सांगता येत नाही, पण कारनिकमधली प्रत्येक गोष्ट जागच्या जागी आहे. संध्याकाळचे पाच वाजले की गॅलरीत येऊन अस्वस्थ होतात. "अजून उजेड कसा? दिवे का नाही लागले?" हे रोजचं.

दुसरी गोष्ट म्हणजे पावलं. क्वार्टरची पायरी उतरल्यापासून पाण्यापर्यंत १२० पावलं, असं ते सांगतात. आई असताना म्हणायची, छे, सत्तरसुद्धा नव्हती. यावरून दोघांचं चांगलं वाजायचं. आई जाऊन चार वर्षं झाली. मला नारळाची झाडं आणि आवाज एवढंच आठवतं. तिथे राहिलेल्यांपैकी कोणी सांगू शकेल का, की नक्की किती अंतर होतं?

खरा प्रश्न मात्र पुढचा आहे. बाबा आठवड्यातून दोनदा तरी म्हणतात, "चल, एकदा क्वार्टर बघून येऊ." २६ डिसेंबर २००४ ला ती क्वार्टरची ओळ त्सुनामीत गेली. तेव्हा बाबांना सगळं कळत होतं. दोन दिवस टीव्हीसमोरून उठले नव्हते, मग गेलेल्यांची नावं कळतात का ते विचारायला ओझरला हवाई दलाच्या तळावर जाऊन आले. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा तेव्हा तिथे पोस्टिंगवर होता. तो आणि त्याची बायको, दोघंही गेले. आता बाबा हे सगळं विसरलेत. मी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या वेळी रात्रभर झोपले नाहीत.

सांगावं की सांगू नये?

गोदाकाठची

ताई, वाचून गलबलले. उत्तर माझ्याकडे नाही, पण धागा लक्ष ठेवून वाचते आहे.

निवृत्त_एसएनसीओ

मी १९८९ ते ९१ कारनिकला होतो, म्हणजे तुमच्या बाबांच्या आधीची बॅच म्हणा. आता देवळाली कॅम्पात असतो.

नाशिकहून तिथे पोचणं हीच एक मोहीम होती. एसटीने पुणे, पुण्याहून मद्रास. तिथून जहाज मिळालं तर अडीच-तीन दिवस समुद्रात, नाहीतर तांबरमहून हवाई दलाचं कुरिअर, म्हणजे एएन-३२. त्या विमानात भिंतीला पाठ लावून, कापडी पट्ट्यांच्या आसनावर आडवं बसायचं. समोरचा माणूस आणि आपण, मधे सामानाचा ढीग. पोर्ट ब्लेअरहून पुढे आणखी २७० किलोमीटर. खाली उतरताना बेट दिसायचं ते असं, की पाण्यावर कुणीतरी नारळाच्या झाडांचं ताट ठेवलंय. डोंगर नाही, टेकडी नाही. सगळं सपाट.

सुट्टीवरून परतताना माझ्या सामानात कायम लासलगावच्या कांद्याची गोणी असायची. तिथे कांदा जहाजावर अवलंबून. जहाज आलं नाही की कांदा संपला, बटाटा संपला, मग डबाबंद आणि डाळ. माझी गोणी उतरली की ओळीतल्या सगळ्या वहिनी वाटी घेऊन यायच्या. बेदाणेही न्यायचो, पण मान कांद्याला होता.

दमट हवा म्हणजे काय ते नाशिकच्या माणसाला सांगून कळत नाही. मिठाच्या बरणीत तांदूळ घातले तरी मिठाचं पाणी व्हायचं. काडेपेटी गॅसजवळ ठेवायची, नाहीतर काडी पेटत नसे. शिलाई मशीनला रात्री सुई तशीच राहिली तर सकाळी तिच्यावर तांबूस थर. आणि कपड्यांच्या कपाटात चोवीस तास ४० वॉटचा बल्ब चालू. त्या उबेने कपड्यांना बुरशी लागत नसे. पहिल्या रात्री बायको म्हणाली, कपाटात दिवा कुणासाठी ठेवलाय? देवाला की उंदराला?

पावलांचं विचाराल तर आमची ओळ आणखी पुढे होती. रस्ता ओलांडला, नारळाची दोन-तीन झाडं मागे टाकली की वाळू. मी मोजली नाहीत. पण १२० हा आकडा मला खोटा वाटत नाही.

सांगावं की नाही, यावर विचार करून लिहितो.

काळी_ट्रंक

काका, कपाटातला बल्ब!! आमच्याकडेही होता. मी हे पार विसरले होते. त्या उबेत मांजर येऊन झोपायचं. आज बाबांना विचारते.

सिडकोकर

छान धागा. निकोबारबद्दल एक भाबडा प्रश्न. तिथल्या आदिवासींशी भेटीगाठी व्हायच्या का, की बेसच्या तारेबाहेर जायचंच नाही?

निवृत्त_एसएनसीओ

व्हायच्या की. निकोबारी माणूस फुटबॉलवेडा. बेसच्या टीमविरुद्ध सामना असला की गाव लोटायचं, आणि बहुतेक वेळा आम्हीच हरायचो. त्यांची घरं खांबांवर, छप्पर गोल, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं. केवड्याच्या जातीच्या झाडाचं मोठं फळ उकडून त्याचा गर खातात. नारळ आणि डुकरं हे त्यांचं धन. जमीन, झाडं सगळी एकत्र कुटुंबाची, त्या कुटुंबाला 'तुहेत' म्हणतात. आणि गंमत म्हणजे बाजूला तराफा बांधलेल्या त्यांच्या नावेला तिथे 'होडी'च म्हणतात! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोकणात आल्यासारखं वाटलं होतं.

बहुतेक लोक ख्रिस्ती. मूस गावचे बिशप जॉन रिचर्डसन यांनी नव्या कराराचं निकोबारी भाषेत भाषांतर केलं. ते पहिल्या लोकसभेचे नियुक्त सदस्यही होते. गावात त्यांचं नाव आजही फार आदराने घेतात.

जपान्यांचे बंकरही बघितले. १९४२ ते ४५ ही बेटं जपानच्या ताब्यात होती, आणि आपली धावपट्टी मुळात त्यांनी बेटावरच्या लोकांना राबवून घेऊन केलेली. गावातले म्हातारे त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की सगळे गप्प बसून ऐकायचे.

कच्छची_सून

माझं सासर गुजरातचं नाही हो, नाव वाचून गैरसमज नको. सासरे हवाई दलात, नलियाच्या तळावर होते म्हणून घरात मला असं चिडवतात.

नलिया कच्छच्या पश्चिम टोकाला, अबडासा तालुक्यात. समुद्र पावलांवर नाही, पण वाऱ्यात मीठ तेवढंच. जखाऊ बंदर जवळ. सासूबाई सांगतात, उन्हाळ्यात भाकरी परातीतच वाळायची आणि हिवाळ्यात हुडहुडी. गुजरातेत सगळ्यात कमी तापमान बऱ्याचदा नलियाचंच असतं. संध्याकाळी फिरायला गेलं की माळावर घोराड, म्हणजे आपले माळढोक, दिसायचे, माणसाच्या कमरेएवढा पक्षी, ऐटीत चालणारा. आता तिथे मोजून चार-दोन उरलेत म्हणे, तेव्हा सासूबाईंना फार वाईट वाटतं. १० ऑगस्ट १९९९ ला पाकिस्तानचं अटलांटिक विमान पाडलं ती मिग-२१ नलियाहूनच उडाली होती. त्या दिवशी कॉलनीत कुणी कुणाला काही विचारलं नाही, सगळ्यांना सगळं कळलं होतं, असं सासूबाई म्हणतात.

आणि हो, हवाई दलातल्यांच्या बायकांच्या संघटनेचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव सगळे 'अफवा' असंच उच्चारतात. सासरे विचारायचे, "आज अफवेची मीटिंग आहे का?" नव्या मराठी बायका गोंधळून जायच्या.

गोदाकाठची

अफवेची मीटिंग :)) आमच्या सोसायटीत रोजच असते.

ओझरचा_रिव्हेट

नलियाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी ओझरच्या विमान कारखान्यात पस्तीस वर्षं होतो. १९६४ साली तो मिगसाठीच उभा राहिला. आम्ही जोडलेली विमानं कुठल्या कुठल्या बेसवर जायची, आणि वर्षांनी ओव्हरहॉलला परत यायची तेव्हा आम्हाला ते विमान राहिलं कुठे, हे कागद न बघता कळायचं.

किनाऱ्यावरून आलेलं असेल तर पोटाखालचं पॅनेल उघडलं की रिव्हेटच्या कडेने पांढरी पूड. बोटावर घेतली तर पिठासारखी. लोखंडाचा गंज लाल असतो, ॲल्युमिनियमचा पांढरा. खारी हवा फटीत शिरते, रात्री दव धरतं, आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून किनाऱ्यावरच्या बेसवर विमान गोड्या पाण्याने धुतात. नुसती स्वच्छता नव्हे ती, विमानाचं आयुष्य असतं त्यात. वाळवंटातल्या विमानात वाळू निघायची, ती ब्रशने जायची. मीठ जात नाही. पत्रा कापून नवा लावावा लागतो.

ताई, तुमचे बाबा कुठल्या ट्रेडचे? एअरफ्रेमचे, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करणारे, असतील तर आमच्यासारखीच सवय असणार, बोट फिरवून बघायची.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. आमच्यापैकी बरेच जण त्या दिवशी ओझरला एकत्र जमून टीव्ही बघत होतो. फारसं कुणी बोललं नाही.

काळी_ट्रंक

काका, एअरफ्रेमच! अजूनही खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बोट फिरवतात आणि बोट बघतात. मला वाटायचं धूळ बघतात.

सिडकोकर

त्सुनामी म्हणजे किती पाणी, याची कल्पनाच येत नाही. आपल्याकडे २००८ आणि २०१६ ला गोदेला पूर आला तेव्हा नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, तोच केवढा वाटला.

देवळालीचा_तोफची

तुलना नको. आपला पूर गंगापूर धरणातून सांगून येतो. मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं, असं मोजायला वेळ मिळतो. दुकानदार माल वर चढवतात. तिथे तसलं काही मिळालं नाही.

भूगोलबाई

दोन गोष्टी लिहिते, शिकवायची खोड आहे.

त्या दिवशी रविवार होता. सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्राजवळ भूकंप झाला, तीव्रता ९.१. जमीन एका बिंदूवर फुटत नाही. सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर भेग सरकली आणि कार निकोबार त्या भेगेच्या अगदी वर आहे. चेन्नईला लाट पोचायला दोन तासांहून अधिक लागले. कार निकोबारला मात्र हादरे आणि पाणी यांत फारसं अंतरच नव्हतं, आणि चढून जायला उंच जागा नव्हती. बेटही खचलं. ग्रेट निकोबारला तर इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खाली गेली, दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. हवाई दलाची शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत घरच्या मंडळींचाही समावेश होता. ३१ डिसेंबर १८८१ लाही कार निकोबारजवळ मोठा भूकंप झाला होता, पण तेव्हा लाट मीटरभराचीही नव्हती. २००७ पासून हैदराबादेत आपलं त्सुनामी इशारा केंद्र आहे.

आता बाबांच्या पाच वाजण्याचं. ताई, त्यांचं काहीच चुकत नाही. नाशिक ७३.८ रेखांशावर, कार निकोबार ९२.८ वर. १९ अंशांचा फरक, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ७६ मिनिटं. घड्याळ मात्र देशभर एकच. डिसेंबरात तिथे पाच-दहाला सूर्य मावळतो, नाशिकला सहाला. जूनमध्ये तर दीड तासाचा फरक पडतो. त्यांचं शरीर अजून कारनिकच्या सूर्यावर चालतंय.

आणि पावलं. आईबाबा दोघंही बरोबर असतील. सपाट किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांत पाण्याची कड सहज पन्नास पावलं मागेपुढे होते. एकाने ओहोटीला मोजलं, एकीने भरतीला.

काळी_ट्रंक

बाई, हे वाचून मी जागची उठून स्वयंपाकघरात जाऊन आले. आई-बाबांचं हे भांडण मी वीस वर्षं ऐकलं. भरतीचं कुणाच्या मनातही आलं नाही. आई कपडे वाळत घालायला दुपारी मागच्या अंगाला जायची, बाबा पहाटे जायचे. वेगवेगळ्या वेळी!

पंचवटी_पोस्ट

धागा वाचनखूण म्हणून साठवला.

कुणी तिथे जायचा विचार करत असेल तर लक्षात ठेवा, निकोबारची बेटं आदिवासी राखीव क्षेत्र आहेत, १९५६ च्या नियमांनुसार. पास असल्याशिवाय बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. बाबांना 'पास यायचाय' असं खरंच सांगता येईल, खोटं बोलावं लागणार नाही.

देवळालीचा_तोफची

मला हे पटत नाही. लष्करातल्या माणसाशी असं खेळवून बोलू नये. आयुष्यभर सिग्नल जसा आला तसा वाचला त्यांनी. खरं सांगावं, शांतपणे, जवळ बसून. त्यांना तो मान द्यावा.

गोदाकाठची

दादा, मान म्हणून सांगायचं आणि दर आठवड्याला त्या माणसाने तोच मुलगा पुन्हा गमवायचा? माझ्या आईला सहा वर्षं डिमेन्शिया होता. सुरुवातीला ती वडिलांना शोधायची तेव्हा आम्ही प्रत्येक वेळी खरं सांगत होतो. प्रत्येक वेळी तिचं सुतक नव्याने सुरू व्हायचं. शेवटी मी विचारायला लागले, "बाबा आले की त्यांना काय करून घालशील?" ती भरल्या वांग्याची कृती सांगायची, पंधरा मिनिटं, मसाल्यासकट. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी अजून वांगी तशीच करते.

निवृत्त_एसएनसीओ

दोन दिवस हे लिहू की नको, या विचारात होतो.

जानेवारी २००५ मध्ये मी मदतीच्या तुकडीबरोबर तिथे गेलो होतो. तेव्हा नोकरीत होतो आणि तिथे पूर्वी राहिलेला म्हणून माझं नाव दिलं गेलं. धावपट्टीचा समुद्राकडचा भाग उखडला होता, उरलेल्या पट्टीवर विमानं उतरत होती. त्या पट्टीमुळेच किती माणसं बाहेर काढता आली आणि किती पाणी-औषधं आत नेता आली, याचा मला अजून अभिमान आहे. आपलीच माणसं गेलेली असताना आपल्याच मुलांनी ते काम केलं.

आमची ओळ शोधायला गेलो. जोती होती. एका जोत्यावर न्हाणीघराची फरशी जशीच्या तशी, कोपऱ्यात मोरीचं भोक. कोण कुठे राहायचं ते मी फरशीच्या रंगावरून ओळखत होतो. नारळाचे बुंधे आडवे. मी तिथून पाण्याकडे चालत गेलो नाही. म्हणूनच तुम्हाला आकडा सांगता आला नाही, तुम्ही विचारलात तेव्हा मला हेच आठवलं होतं.

तोफची साहेब, तुमचा मुद्दा कळतो. पण ताईंच्या बाबांनी तो सिग्नल वाचलेला आहे. २००४ मध्ये ओझरला जाऊन नावं विचारून आले, घरी बसून रडले असतील. त्यांचं कर्तव्य झालं. पुन्हा पुन्हा वाचायला लावायची गरज नाही. मी डोळे मिटले की जोती दिसतात. त्यांना घर दिसतं. दिसू दे.

देवळालीचा_तोफची

साहेब, मागे घेतो. जय हिंद.

ओझरचा_रिव्हेट

जय हिंद. ताई, पाथर्डी फाटा लांब नाही. बाबांची हरकत नसेल तर एखाद्या रविवारी येईन. पॅनेल, रिव्हेट, जे काय बोलायचं ते बोलू.

कच्छची_सून

सासूबाईंनी निरोप दिलाय, पाचला गॅलरीचे पडदे ओढून दिवा लावून बघा. नलियाला उलट सूर्य उशिरा मावळायचा, तेव्हा त्या मुलांना दिवसाउजेडी झोपवायला असंच करायच्या.

काळी_ट्रंक

सगळ्यांना एकदमच उत्तर देते, राग मानू नका. आठ दिवसांत बरंच झालंय.

पडद्यांचा उपाय लागू पडला. पावणेपाचला पडदे ओढते, देवापाशी दिवा लावते. बाबा म्हणतात, "हं, झाला अंधार," आणि शांत बसतात. कपाटात छोटा बल्ब लावून घेतला. इलेक्ट्रिशियन माझ्याकडे बघतच राहिला. बाबांनी कपाट उघडलं, आत हात घालून शर्टांची ऊब बघितली, बंद केलं. रिव्हेट काका आले होते, दोन तास बसले. दोघांनी मिळून आमच्या सगळ्या खिडक्यांच्या चौकटी तपासल्या. काका, पुन्हा या, बाबा "ते ओझरवाले" म्हणून विचारतात. तुम्ही त्यांच्या लक्षात राहिलात!

काल सकाळी ते पुन्हा म्हणाले, चल, क्वार्टर बघून येऊ. मी काही न बोलता चपला घातल्या. जिना उतरलो आणि बाबा मोजायला लागले. मोठ्याने. पार्किंग, गेट, गेटबाहेरचा रस्ता. त्यांची पावलं आता लहान पडतात. कोपऱ्यावर कडुनिंब आहे, त्याच्या खाली भाजीवाली बसते, तिथे एकाहत्तरला ते थांबले. मला वाटलं दमले.

म्हणाले, "भरती आहे आज. तुझी आई म्हणते तेवढीच भरली. चप्पल काढ, वाळू लागेल."

मी काढली. भाजीवालीने तिची गोणपाटाची घडी सरकवून आम्हाला दोघांना बसायला जागा करून दिली.